ट्रॅविकसाहेबांच्या गाडीमागे

वर्लीनला पहाटेपासून कळा येत होत्या. दुपारी रक्त जायला लागलं, तेव्हा सुईणीने हात टेकले. माझ्या धाकट्या भावाने, ल्यूशसने, बायकोला उचलून फोर्डमध्ये घातलं. तिचं डोकं मांडीवर घेऊन मी मागे बसले. आम्हा काळ्या लोकांना हात लावणारा डॉक्टर गावात एकच होता, तोही पार दुसऱ्या टोकाला.

कापसाच्या शेतांमधला मातीचा रस्ता, कोरडा ठणठणीत. वळण घेतलं आणि ल्यूशसने ब्रेक दाबला. पुढे ट्रॅविकसाहेबांची गाडी होती. रविवारी गोऱ्यांच्या चर्चमध्ये बायबल शिकवणारे जमीनदार. कोपर खिडकीबाहेर काढून रमतगमत चालले होते.

मिसिसिपीत काळ्याने गोऱ्याच्या पुढे गाडी काढायची नाही, त्याच्या अंगावर धूळ उडते. हॉर्नसुद्धा द्यायचा नाही. मागे आमच्यातल्या एकाने हिंमत केली, तर त्याचं घर जाळलं.

"काढ पुढे," मी म्हणाले.

"कशी काढू, ताई? उद्या घर राहणार नाही."

"आणि आज बायको गेली तर?"

त्याने गाडी तशीच साहेबांच्या मागे मागे ठेवली. वर्लीनने माझं मनगट घट्ट धरलं होतं, ती पकड सैल पडायला लागली.

"थांबव गाडी," मी म्हणाले, आणि उतरून धावत सुटले. गुडघे बोंबलत होते, तोंडात धूळ जात होती. "साहेब! ट्रॅविकसाहेब!"

त्यांनी रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवली. "अगं ओझेला! काय झालं?"

"भावजय अडलीय, साहेब. रक्त थांबत नाही. पुढे जाऊ द्याल का?"

"मग जा की! कोणी अडवलंय तुम्हाला?"

"कोणी नाही, साहेब."

त्यांचा चेहरा पडला. "मी काय तसला माणूस वाटलो? सांग ना. कधी वाईट वागलोय मी तुमच्याशी?"

त्यांची गचांडी धरावीशी वाटली मला. पण रस्ता त्यांच्या गाडीने अडला होता. "छे, साहेब. तुम्ही तर देवमाणूस."

"मग असं मनात येतंच कसं तुमच्या?"

"चुकलंच, साहेब. गाडी जरा कडेला घेता?"

त्यांनी आधी खिडकीची काच वर केली, मग गाडी कडेला घेतली.

मी परत येऊन बसले. ल्यूशस त्यांच्या बाजूने गोगलगायीसारखा निघाला.

"दाब ना, मेल्या!"

"धूळ उडेल, ताई."

मी त्याच्या पाठीत गुद्दा हाणला. तेव्हा कुठे गाडी पळाली.

वर्लीन वाचली. मुलगी पोटातच गेली. थोडं आधी आणायला हवं होतं, डॉक्टर म्हणाला.

रविवारी चर्च सुटल्यावर ट्रॅविकसाहेब डुकराच्या मांसाची अख्खी तंगडी घेऊन आमच्या दारात आले. वर्लीन ओट्यावर खुर्चीत बसली होती. गोऱ्यापुढे डोक्यावर टोपी ठेवायची नाही, म्हणून ल्यूशस ती काढून उभा राहिला.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण ओझेलाने विचारल्याबरोबर मी वाट दिली. हो ना, ल्यूशस?"

"हो, साहेब. उपकार झाले."

"विचारावं लागलं," वर्लीन म्हणाली. "माझी पोर मरत होती, आणि आम्हाला विचारावं लागलं."

बोलताना 'साहेब' वगैरे काही नाही. ट्रॅविकसाहेब ल्यूशसकडे बघत राहिले. आता नवऱ्याने बायकोला गप्प करायचं आणि तिच्या वतीने माफी मागायची, अशीच आमच्याकडची रीत.

ल्यूशसने टोपी डोक्यावर घातली आणि वर्लीनच्या खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिला.