बूड टेकायची गोष्ट

वीस वर्षं प्रकाशावर व्याख्यानं झोडणाऱ्या एलादिओला स्पेनमधल्या ग्रानादातल्या मूर सुलतानांच्या महालाने सकाळपासून घाम फोडला होता. फोटोत खिडकी सांभाळावी तर छत काळंकुट्ट, छत सांभाळावं तर खिडकी पांढरीफटक. कॅमेऱ्याची तिपाई मात्र ताठ उभी होती, अगदी मालकासारखी.

गुडघ्यांवर बसून फरशी पुसणारी आंगुस्तियास शेवटी वैतागली. "अहो फोटोवाले, सुलतान इथे जमिनीवर गादी टाकून बसायचे. म्हणून तर खिडक्या इतक्या खाली आहेत. बूड टेका की जरा!"

तो बसला आणि त्याने तिपाईही खाली घेतली. ओल्या फरशीवरून उसळलेला उजेड छताच्या नक्षीपर्यंत चढला होता.

प्रदर्शनात सगळ्यांनी विचारलं, "लेन्स कोणती वापरलीत?"

"आंगुस्तियासबाईंचे गुडघे," तो म्हणाला.