भावाच्या जेवणातला डबा

मायक्रोवेव्ह टिंग करून थांबला तशा चर्चच्या तळघरातल्या बायकाही बोलायच्या थांबल्या. विस्कॉन्सिनच्या त्या गावात मयताचं जेवण म्हणजे हॅम, लोण्याचे पाव आणि चीज घालून भाजलेले बटाटे. कोणी कोणाच्या पदार्थाला नाही म्हणत नसे. आणि अर्लीन खोक्यातलं तयार जेवण गरम करत होती, तेही सख्ख्या भावाच्या मयताला.

"नॉर्बर्टला आत्ता कुठे मातीत ठेवून आलोय, आणि तू हे खाणार?" व्हर्नाने विचारलं. व्हर्ना म्हणजे नॉर्बर्टची बायको, अर्लीनची भावजय.

"हेच खाणार."

"एक दिवस पथ्य नाही पाळलं तर आभाळ कोसळणारे का?"

प्लास्टिकचं झाकण सोलून अर्लीन काटा आणायला वळली. कोंबडीचे चार तुकडे, थोड्या घेवड्याच्या शेंगा, बोटभर भात. गेले कित्येक महिने सकाळ-संध्याकाळ हेच चाललं होतं, आणि चव पुठ्ठ्याची. पण गुडघ्याच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, वजन उतरल्याशिवाय सुरी लावणार नाही. आणि गुडघा बदलल्याशिवाय चर्चच्या सज्जाचा जिना चढणं शक्य नव्हतं. त्या सज्जात ऑर्गन होता. स्वतःच्या लग्नाच्या आधीपासून गावातल्या प्रत्येक लग्नाला आणि प्रत्येक मयताला तो अर्लीननेच वाजवला होता. आज सकाळी मात्र नॉर्बर्टच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, स्पीकरमधून गाणी लागली. ती खाली बाकावर बसून ऐकत होती.

काटा घेऊन ती परतली, तर तिच्या डब्यात बटाट्यांचा एक भला मोठा डाव पडलेला. शेजारी बसलेली डोलोरेस चमचा चाटत हसत होती. "अगं, एवढंसं काय होतंय? नुसता सापळा होशील अशाने!"

बायका खिदळल्या. मन चांगलंच होतं बिचारीचं, पण अर्लीनचं डोकं फिरलं. तिने त्यातला एकेक बटाटा काट्याने उचलला आणि डोलोरेसच्या ताटात ठेवला. चीजचा धागासुद्धा राहू दिला नाही.

"ही तर तुझ्याच आईची कृती," व्हर्ना म्हणाली. "तूच शिकवलीस मला. त्याला किती आवडायचे! पहाटे उठून केलेत मी, आणि तू नाक मुरडतेस?"

"नाक नाही मुरडत गं. वास आला तेव्हापासून तोंडाला पाणी सुटलंय. सगळं भांडं एकटी संपवीन मी."

"मग खा की!"

"नाही खाणार!" अर्लीनने टेबलावर मूठ आपटली. "सकाळी स्पीकर वाजला माझ्या भावाला. माझ्या! परक्या माणसांनासुद्धा मी वाजवून पोचवलंय, आणि त्याला नाही. तुम्ही जाडी म्हणा, शिष्ट म्हणा, खुशाल म्हणा. त्याच्या वर्षाच्या मिस्सेला मी वर असणार, आणि ऑर्गन मी वाजवणार. त्यासाठी वर्षभर पुठ्ठा खायला लागला तरी खाईन!"

डोलोरेस मान खाली घालून ताटातले बटाटे खात राहिली. अर्लीन बसली आणि जेवली. डोळ्यांतलं पाणी भातात पडत होतं. ते तिने पुसलं नाही, आणि शेंगही शिल्लक ठेवली नाही.

निघायची वेळ झाली. मयताच्या जेवणाहून कोणी रिकाम्या हाताने जात नाही, ती तिथली रीत. व्हर्ना दाराशी उभी राहून चंदेरी कागदात गुंडाळलेलं एकेक ताट प्रत्येकाच्या हातात देत होती. घरच्यांना, शेजाऱ्यांना, पाद्रीबाबांना. कोणी नको म्हटलं तर रागावून देत होती.

अर्लीन काठी टेकत शेवटी आली. टेबलावर एक ताट उरलं होतं. व्हर्नाने ते उचललं, क्षणभर धरलं आणि परत ठेवलं. मग नणंदेचा कोट नीट करून तिने वरचं बटण लावलं.

"जा," ती म्हणाली. "सांभाळून."

बाहेर गाड्यांपाशी सगळे आपापली ताटं सांभाळत उभे होते. त्यांच्यामधून अर्लीन ताठ मानेने, रिकाम्या हाताने गेली.