भंगारवाला जाईपर्यंत

मी ट्रॅक्टर बोलतोय. ओरडतोय असं वाटत असेल तर माफ करा, माझं इंजिन चालू आहे आणि ते बंद करायची कुणाची हिंमत नाही. तुम्ही मघापासून दवाखान्याच्या पायरीवर उभे राहून माझ्याकडे बघताय, 'हे धूड इथे कुणी आणलं' असा चेहरा करून. सांगतो. आत एका माणसाची दाढ काढणं चाललंय. ती निघेपर्यंत माझं आयुष्य सांगून होईल. फार मोठं नाहीये, मधली बरीच वर्षं मी काहीच केलेलं नाही.

जन्म कारखान्यातला. एका लांबलचक रांगेत मी पुढे पुढे सरकत होतो आणि प्रत्येक जण मला काहीतरी लावत होता. शेवटी एकाने लाल रंग मारला, दुसऱ्याने मागच्या टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "झाला." पुढे दुकानात जे गिऱ्हाईक आलं त्यानेही आधी टायरला लाथच मारली. माणसांची ही सवय मला आजवर कळलेली नाही. घड्याळ घेताना लाथ मारून बघता का?

मला घेतलं ते बाबांनी. त्यांच्याकडे मी नांगरलं, पेरलं, दगड वाहिले, पाण्याच्या टाक्या ओढल्या. चिखलात रुतलेल्या लोकांच्या गाड्याही ओढून काढल्या. ते लोक नंतर बाबांचे आभार मानायचे.

बाबांना दोन मुलं. थोरला दादा, आणि धाकटी मुलगी, जिला सगळे छोटी म्हणायचे. दादाला बाबा मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला द्यायचे. छोटी माझ्या मडगार्डवर बसायची. ती रोज विचारायची, "बाबा, मी चालवू?" आणि तिला रोज एकच उत्तर मिळायचं, "धरून बस."

मग दादाने नवा ट्रॅक्टर आणला. त्याला छप्पर आहे, गाणी लागतात, आणि सीट वरखाली होते. मी त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही, तो स्वतःच पुरेसा आवाज करतो. मला गोठ्यामागे उभं केलं, "दोन दिवस राहू दे इथे" म्हणून. माणसांचे दोन दिवस हे फार मोठं माप आहे. तेवढ्यात दादाचं लग्न झालं, टक्कल पडलं, आणि छोटी शिकून दातांची डॉक्टर झाली.

माझी तोवर नोकरी बदलली होती. वहिनी, म्हणजे दादाची बायको, माझ्यावर कपडे वाळत घालायची. सायलेन्सरवर मोजे, स्टिअरिंगवर बनियन. पाने-पकडी ठेवायच्या पेटीत एका तांबड्या कोंबडीने संसार थाटला. हवेच्या फिल्टरमध्ये उंदीर राहायचे. कुणी भाडं दिलं नाही, पण सोबत होती.

एका सकाळी दादा टेप घेऊन माझ्याभोवतीची जमीन मोजायला लागला. छोटी सुट्टीला घरी आली होती. आता तिचेही केस पिकलेत, पण घरात नाव तेच.

"काय मोजतोयस?"

"गोदाम बांधायचंय. हा रविवारी भंगारात जातोय."

"मी अजून चालवला नाहीये तो."

"चालवायला आधी तो चालायला लागतो."

"मी चालू करते."

दादा हसायला लागला. "बाई, तू दात काढतेस. ट्रॅक्टर नाही."

"तू पण आत्ता दातच काढतोयस. जमतंय की तुला."

दादाचं हसू आवरलं. "बरं. भंगारवाला येऊन जाईपर्यंत हा चालू राहिला, तर राहू दे इथेच. गोदाम दुसरीकडे बांधतो."

"ऐकलं हो मी," वहिनी माझ्या बॉनेटवर चादर पसरत म्हणाली. "आता शब्द फिरवायचा नाही. कपडे मला उन्हातच लागतात."

बाबा ओट्यावर बसले होते. आता यांचे डोळे भरून येणार अशा अपेक्षेने सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मीही.

"काय बघताय?" बाबा म्हणाले. "द्या भंगारात. अर्धं आयुष्य कंबर मोडली त्याने माझी. मला तो कधीच आवडला नाही."

मी तिथेच उभा होतो.

"तुम्ही मला एकदाही चालवू दिला नाही," छोटी म्हणाली.

"तू कधी मागितलास?"

"रोज."

"मग इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नसेल." हे खरंही असेल. बाबांना आता तसंही कमी ऐकू येतं, आणि तेही माझ्याच नावावर लावलंय.

छोटीने जवळच्या शहरातल्या तिच्या दवाखान्यातून पेटी आणली. कपाळाला दिवा बांधला, दांडीवरचा चिमुकला आरसा हातात घेतला, रेडिएटरचं झाकण उघडलं आणि सवयीने म्हणाली, "आ करा." मी केला. टाकीतलं डिझेल काकवीसारखं झालं होतं, ते तिने खरवडून काढलं. नॉझलची बुजलेली भोकं दातांची मुळं साफ करायच्या सुईने मोकळी केली. मध्ये एकदा "दुखतंय का?" असं विचारलंसुद्धा. उंदरांच्या घरट्यात दादाचा लग्नातला रुमाल सापडला, जो हरवल्याबद्दल त्याने वहिनीच्या माहेरच्यांवर संशय घेतला होता. त्या दिवशी दादा उशिरापर्यंत शेतात होता.

सगळं साफ झालं, पण इंजिन फिरेना. पिस्टन गंजून आत चिकटला होता. तेव्हा दादा लांब लोखंडी पाइप घेऊन आला. "सर बाजूला, जोर लावतो."

"थांब. अशी दाढ उपटलीस तर जबडा हातात येईल. ओढायचं नसतं. हलवायचं असतं."

तिने वरून तेल ओतलं आणि ते मुरू दिलं. मग सकाळ-संध्याकाळ मला गिअरमध्ये टाकून मागचं मोठं चाक हाताने रेटायची. एक केस पुढे, एक केस मागे. दादा आसपास अंडी शोधत फिरायचा. अंडी कुठे असतात ते त्याला चांगलं माहीत होतं. दोन दिवस असंच चाललं, आणि मग माझ्या पोटात 'टक' झालं.

"सुटला?" दादाने झाडामागून विचारलं.

"सुटला."

"मला काय त्याचं," असं म्हणून तो गेला, अंडी न घेताच.

रविवारी सकाळी वहिनीने हातपंप मारून डिझेलच्या नळीतली हवा काढली. बॅटरी नव्हती, म्हणून मला अंगणाच्या वरच्या टोकाला नेलं. तिथून फाटकापर्यंत उतार आहे. छोटी सीटवर बसली आणि नव्या ट्रॅक्टरने मला मागून ढकललं. यावर मी जास्त बोलणार नाही.

पहिल्यांदा काही झालं नाही. पुन्हा वर ओढलं, पुन्हा सोडलं. मी नुसता शिंकलो.

"अजिबात घाबरायचं नाही हं," छोटी मला समजावत होती. "एकदम सोपं आहे."

"शिव्या घाल त्याला," बाबा ओट्यावरून म्हणाले. "गोड बोलून तो कधी सुरू झालाय?"

तिसऱ्या वेळी तिने शिवी घातली. एवढी शिकलेली बाई, एवढी चांगली शिवी. कोंबडीला कान असतात की नाही माहीत नाही, पण वहिनीने ते झाकले. धड. धड-धड. धडधडधड. सायलेन्सरमधून काळा धूर, गांधीलमाशांचं जुनं पोळं आणि एक मोजा बाहेर उडाला. मी सुरू झालो, पण तोवर अगदी फाटकात पोचलो होतो. छोटीने घाबरून क्लच आणि ब्रेक एकदम दाबले, मग हळूच गिअर काढला.

आता परिस्थिती अशी. उतार संपलेला, आणि मला वर ओढून ओढून नव्या ट्रॅक्टरचा क्लच जळलेला. मी फाटकात अडकवलेल्या बुचासारखा उभा. हलवायला जावं आणि बंद पडलो तर पुन्हा सुरू होण्याची खात्री नाही, म्हणून हलवायचं नाही. आणि टाकीत डिझेल थोडंसंच, कारण दादा म्हणाला होता, "सुरू कुठे होणारे?"

भंगारवाला फोनवर "पाच मिनिटांत पोचतो" म्हणाला आणि दुपारी आला. गालाला रुमाल बांधलेला, गाल बटाट्याएवढा. माझ्यामुळे ट्रक आत येईना, म्हणून त्याने ड्रायव्हरला पुढच्या गावातला मोडका पंप उचलायला पाठवून दिलं.

"हा चालू आहे," तो माझ्याकडे बघून म्हणाला. त्याला ते आवडलेलं दिसलं नाही.

दादाने त्याला पैज समजावली. तुम्ही जाईपर्यंत चालू राहिला, तर तुम्हाला मिळणार नाही.

"मग मी कशाला जातोय?" भंगारवाला म्हणाला. "खुर्ची मिळेल?"

माझ्या पुढ्यात खुर्ची टाकून तो बसला. आता मी किती वेळ टिकतो आणि तो किती वेळ टिकतो, एवढाच प्रश्न होता. माझ्या प्रत्येक धडला त्याची दाढ ठणकत होती, हे त्याच्या डाव्या डोळ्यावरून कळत होतं. मला वाईट वाटलं. पण थांबलो तर माझे तुकडे होणार होते, म्हणून फार वाटू दिलं नाही.

छोटी आरसा घेऊन आली. "आ करा."

त्याने केला.

"आजच काढायला हवी. चला, गाडीने दवाखान्यात नेते."

"हा बंद पडू दे. मग निघू."

"बरं. तोवर ही गोळी घ्या. उपाशीपोटी नको."

वहिनीने त्याला दूध दिलं. बाबा त्याच्या शेजारी येऊन बसले.

"काय होतंय?"

"दाढ," तो रुमालातून म्हणाला.

"चहा? आत्ताच झाला माझा."

ऊन कलायला लागलं. वहिनी टाकीत काडी घालून बघायची आणि बोटांनी खूण करायची. चार बोटं. दोन बोटं. एक बोट.

"अहो, डिझेल घाला की," ती दादाला म्हणाली.

"म्हणजे माझ्याच पैजेत मीच हरू?"

"इतकी वर्षं मी काय करतेय?"

दादा गोठ्याकडे बघायला लागला.

एक बोट अर्धं झालं तेव्हा भंगारवाला उठला. गोळी उतरली होती, गाल चढला होता. "चला, बाई. गाडी काढा."

गाडी माझ्यामागे होती. नवा ट्रॅक्टरही माझ्यामागेच.

"मग याला हलवा."

"हलवते. बंद पडला तर?"

"तर हा माझा."

"तर हा तुमचा," छोटी म्हणाली. "फाटकात. आणि गाडी आत, आणि तुम्हीही इथेच, दाढेसकट. तुमचा ट्रक येईल तेव्हा येईल."

भंगारवाल्याने माझ्याकडे बघितलं. दिवसभर तो मी बंद पडायची वाट बघत होता. आता त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा माझ्याबद्दल काळजी दिसली. तो दादाकडे वळला.

"अहो, बघत काय बसलाय? घाला ना डिझेल त्याच्यात. मध्येच थांबला म्हणजे?"

दादा गेला आणि लगेच कॅन घेऊन आला. इतक्या लगेच, की कॅन आधीच भरून गोठ्याच्या दाराशी ठेवलेला असणार. त्याने टाकी काठोकाठ भरली, एक थेंब सांडला नाही. मग तो छोटीकडे न बघता म्हणाला, "क्लच हळू सोड. याचा क्लच फसवा आहे."

"माहितीये. मी सगळं बघत होते."

ती सीटवर बसली. भंगारवाल्याला म्हणाली, "बसा." तो मडगार्डवर चढला. छोटीने गिअर टाकला, क्लच सोडला, आणि मी निघालो. एवढ्या वर्षांनी जमीन माझ्याखालून सरकत होती. कोंबडी पेटीतच होती. तिने बाहेर डोकं काढून बघितलं आणि पुन्हा आत घेतलं.

फाटकाबाहेर आल्यावर मी बाजूला थांबणार आणि मग गाडी निघणार, असा सगळ्यांचा समज होता. छोटीचा नव्हता. तिने दुसरा गिअर टाकला.

"अहो, गाडी," भंगारवाला म्हणाला. "गाडी मागे राहिली."

"धरून बसा."

मागून दादाचा आवाज आला. "गेला! भंगारवाला गेला! ट्रॅक्टर राहू दे आता!" हरल्यावर एवढं खूश झालेलं माणूस मी बघितलेलं नाही. बाबा विचारत होते, "कोण गेला?" आणि वहिनी कपड्यांची बादली घेऊन मोकळ्या जागेकडे बघत उभी होती. माझ्याशिवाय तिचीही अडचण होणार होती, पण एका दिवसाची.

रस्त्यात छोटीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. समोर बघत होती. मी घेऊ नये त्या वेगाने जात होतो, आणि तिने घेऊ नये तेवढी मजा ती घेत होती. भंगारवाला डोळे मिटून माझ्या मडगार्डला मिठी मारून बसला होता. भंगार म्हणून ज्याला नेणार होता त्यालाच इतकं घट्ट धरणारा तो पहिलाच असेल.

तर असा मी इथे आलो. ते बघा, आतून आवाज आला. दाढ निघालेली दिसते. आता त्याला थोडा वेळ बसवून ठेवतील, मग दोघं बाहेर येतील.

तेवढ्यात एक विनंती. तो कोपऱ्यावरचा वाहतूक पोलीस इकडे यायला निघालाय, 'हे बंद करा' म्हणायला. त्याला जरा बोलण्यात गुंतवा. हा रस्ता सपाट आहे, इथे बंद पडलो तर ढकलायला सहा-सात माणसं लागतील, आणि सध्या मला तुम्ही एकटेच दिसताय. माझं काही नाही, मला उभं राहायची सवय आहे. पण आज छोटीच्या हातात स्टिअरिंग आलंय, आणि आत जाताना ती कंपाउंडरला सांगत होती, परत जाताना लांबच्या रस्त्याने जाणार म्हणून.