चार वाजता बोलणारे हात

मी एक जुना राउटर आहे. पुस्तकांच्या फळीखाली एका खिळ्याला मला टांगलं आहे. माझा एक अँटेना ताठ आहे आणि दुसऱ्याने झाडूचा फटका बसल्यापासून मान टाकली आहे. मित्रांनो, आमच्यासारख्यांची आठवण लोकांना इंटरनेट गेलं की मगच होते, पण त्यासाठी मी कधी रुसलो नाही. या घरात मला जे बघायला मिळालं, त्यासाठी मी आणखी दहा वर्षं खिळ्याला लटकायला तयार आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात वीज सोडली, माझे तीन दिवे लागले, तशी तिने मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. पहिला दिवा विजेचा, दुसरा बाहेरून येणाऱ्या लाइनचा, तिसरा वाय-फायचा. मला तोंड नाही. जे काही सांगायचं ते या तीन दिव्यांनी सांगायचं, आणि बघणारा कुणी असेल तरच ते पोचायचं.

नशीब माझं, की मी आजोबांच्या घरी आलो. आजोबांना जन्मापासून ऐकू येत नाही. तरी त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. घड्याळाची टिकटिक त्यांनी कधी ऐकली नाही. घड्याळ बोटाच्या टोकावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि त्याची चाल कुठे अडखळते ते ओळखायचे. या घरात दारावरची बेल दाबली की आतला दिवा उघडमीट करतो. दिव्याशी बोलणं त्यांना नवीन नव्हतं.

आजोबांची धाकटी बहीण फार दूर राहते. तिलाही ऐकू येत नाही. रोज चार वाजता आजोबा फोन स्टँडवर लावून माझ्यासमोर बसतात आणि पलीकडून बहीण दिसते. पहिल्या दिवशी मी थक्क झालो. माझ्यातून तोवर गाणी गेली होती, सामने गेले होते, सूनबाईंचं ऑफिस गेलं होतं, भांडणंही गेली होती. पण आवाजाचा टिपूस नाही आणि गप्पा मात्र रंगलेल्या, असं मी कधी पाहिलं नव्हतं. बहीण चिडली की तिची बोटं भराभर चालायची. आजोबा समजूत घालायला लागले की त्यांचे तळवे सावकाश खाली यायचे. रोज बघून बघून मलाही थोडं कळू लागलं. एवढं सगळं माझ्या या मूठभर पोटातून कसं जातं, ते मात्र मला अजून उमगलेलं नाही.

मग या उन्हाळ्यात माझं बिनसलं. चार वाजता बोलणं सुरू झालं की पंधरा-वीस मिनिटांत कनेक्शन जायचं. बहिणीचा हात हवेत उचललेला तसाच थिजायचा. दोन मिनिटांनी मी भानावर यायचो, थोडा वेळ टिकायचो, की पुन्हा तेच.

आजोबांच्या मुलाने काही करायचं बाकी ठेवलं नाही. त्याने मला बंद-चालू केलं, पासवर्ड बदलला, अँटेना इकडेतिकडे फिरवले. कस्टमर केअरला फोन लावला.

"आधी बंद करून परत चालू करा सर," पलीकडचा म्हणाला.

"अहो, सकाळपासून सात वेळा केलं. आता त्यालाच चक्कर यायला लागलीय."

एका सकाळी कंपनीचा तंत्रज्ञ आला. त्याने तासभर तपासलं, मी ठणठणीत. डॉक्टर समोर आला की दुखणं पळतं, तसं झालं. तरी तो आलाच होता म्हणून माझी केबल बदलून गेला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! "लाइनचाच प्रॉब्लेम असणार," असं म्हणत मुलगा ऑफिसला गेला.

मला कारण माहीत होतं, मित्रांनो. पण सांगू कसं?

त्यातच मंगळवारी बहिणीच्या लेकीचा निरोप आला. बहिणीचा एक डोळा पूर्वीच गेलेला होता. आता दुसऱ्याची शस्त्रक्रिया शुक्रवारी ठरली होती आणि नंतर आठ दिवस त्यावर पट्टी राहणार होती. सूनबाईंनी निरोप वाचला आणि हातांनी आजोबांना सांगितला. 'आई नाही म्हणतेय. ऐकू येत नाही, त्यात दिसायचंही बंद झालं तर मी कुठे जाऊ, असं म्हणते. दादाशी नीट बोलल्याशिवाय टेबलावर चढणार नाही, असा हट्ट धरून बसलीय. डॉक्टर म्हणतात, उशीर केला तर हाही डोळा जाईल.'

बारीक अक्षरं तिला आता दिसत नव्हती. बोलायचं तर हातांनीच, आणि तेही माझ्यातूनच. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्या दिवशीही मी अठराव्या मिनिटाला गेलो. बहिणीचे हात काही विचारत होते आणि ते अर्धंच राहिलं.

बुधवारी आजोबांनी फोन लावलाच नाही. मुलाला वाटलं, त्यांनी हात टेकले. पण ते खुर्ची घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. नातीने खुणेने विचारलं, काय करताय? त्यांनी सांगितलं, बंद पडणारं घड्याळ लगेच उघडायचं नसतं. ते कधी बंद पडतं, ते आधी बघत बसायचं.

सकाळी तासभर बसले, मी सुरळीत चाललो. चार वाजता पुन्हा बसले. नेहमीच्या सवयीने त्यांनी फळीवरचा दिवा लावला आणि नजर माझ्यावर रोखली. अठरा मिनिटांनी माझे तिन्ही दिवे एकदम गेले. आजोबा ताठ बसले. लाइन गेली असती तर एकटा मधलाच दिवा गेला असता, पहिला कशाला जाईल? इतके दिवस सगळे माझ्याकडे बघायचे ते मी परत जागा होताना, मधला दिवा लाल असताना. जाताना मला कुणी पाहिलंच नव्हतं. त्यांनी पाहिलं.

मग ते उठले आणि त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला. पटकन मागे घेतला. मी तापाने फणफणलो होतो.

त्यांनी वर पाहिलं. माझ्यापासून वीतभर अंतरावर, त्याच फळीला, त्यांच्या घड्याळांच्या दुकानातला जुना दिवा चिमट्याने लावलेला होता. पत्र्याची टोपी आणि आत शंभर वॅटचा बल्ब. बहिणीला अंधुक दिसायला लागलं, तेव्हा आपले हात तिला स्पष्ट दिसावेत म्हणून या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच तो तिथे लावला होता. तो रोज चार वाजता लागायचा आणि मला भाजून काढायचा. मायेने लावलेल्या दिव्यावर संशय कोण घेणार?

मुलाला घरी आल्यावर हे कळलं, तसा त्याने कपाळाला हात लावला आणि मग हातांनीच म्हणाला, "काखेत कळसा नि गावाला वळसा! बाबा, मी उगाच त्या केबलवाल्याला बोललो."

आजोबांनी दिवा काढून पलीकडे खिडकीच्या चौकटीला लावला. गुरुवारी चार वाजता फोन लागला. अठरा मिनिटं झाली. वीस झाली. मी जिवाच्या आकांताने तिन्ही दिवे लावून धरले होते. बहिणीने तोच प्रश्न विचारला: पट्टी बांधल्यावर मी कुठे जाऊ?  आजोबांनी आपला डावा तळहात उघडला आणि उजव्या बोटांनी त्यात काहीतरी केलं. बहिणीचा चेहरा बदलला. लहानपणी दिवे गेले की ही भावंडं अशीच एकमेकांच्या तळहातात बोलायची, असं नातीने नंतर तिच्या बाबांना सांगितलं. मग आजोबांनी बहिणीच्या लेकीला जवळ बोलावलं आणि तासभर एकेक शब्द तळहातात कसा द्यायचा ते शिकवलं. मी एकदाही पडलो नाही.

शुक्रवारी बहीण टेबलावर चढली आणि शस्त्रक्रिया झाली. शनिवारी चार वाजता फोन वाजला, म्हणजे दिवा लुकलुकला. पलीकडे बहीण उशीला टेकून बसलेली होती, डोळ्यावर पांढरी पट्टी. शेजारी लेक, आईचा हात मांडीवर घेऊन. आजोबांनी या टोकाला हात हलवले. लेकीने ते पाहिले आणि तेच शब्द आईच्या तळहातात ठेवले.  मग जिला ऐकू येत नव्हतं आणि आता दिसतही नव्हतं, त्या बाईने आपले दोन्ही हात उचलले आणि समोरच्या अंधारात भावाला सांगितलं: 'दादा, कळलं. बोल पुढे.'

मित्रांनो, मी एक प्लास्टिकचा डबा, पण त्या दिवशी मी स्वतःकडे आदराने पाहिलं.

तुमच्या घरीही भिंतीवर माझा एखादा भाऊबंद लटकत असेल. तो अडला तर त्याला खुशाल बंद-चालू करा, तो रागावणार नाही. पण आधी त्याच्यासमोर थोडा वेळ बसा आणि त्याच्यावर एकदा हात ठेवून बघा. घरात जे बोलू शकत नाहीत, त्या सगळ्यांनाच तेवढं हवं असतं.