लाल शाईतली अडतीस नावं

मित्रांनो, मी एक जुनी मतदार यादी आहे. गोरेगावच्या तहसील कार्यालयात मी छापली गेले. यंत्रातून बाहेर पडले तेव्हा माझी पानं अजून गरम होती. कोपऱ्यात पिना मारून मला अंगणवाडीच्या नंदाबाईंकडे दिलं, कारण आमच्या गावात यादीचं काम त्यांच्याकडेच होतं. मुलांना खिचडी वाढून झाली की त्या मला पिशवीत घालून घरोघर फिरत.

तेव्हा माझा फार मान होता. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती. लोक चष्मा पुसून माझ्यावरून बोट फिरवत आणि आपलं नाव सापडलं की उगाच हसत.

एके दिवशी नाल्यापलीकडच्या टोल्यातून, आमच्याच गावाच्या छोट्या वस्तीतून, रुख्माबाई आल्या. साठीच्या गोंड बाई, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या. त्यांच्या वॉर्डातली जागा आदिवासी स्त्रीसाठी राखीव निघाली होती आणि टोल्याने बसून त्यांनाच उभं करायचं ठरवलं होतं. टोल्याला नाल्यावर पूल हवा होता. पावसाळ्यात नाला भरला की तिथली मुलं शाळेत जाऊ शकत नसत. रुख्माबाईंची नात दिव्या तेव्हा सातवीत होती.

"बाई, माहा नाव दाखवा जी."

नंदाबाईंनी मला दोनदा चाळलं. त्यांचं नाव नव्हतं. टोल्यातल्या एकाचंही नव्हतं. कुणीतरी चुकून अख्खा टोला शेजारच्या गावाच्या यादीत टाकला होता, आणि तिथल्यांनी 'हे आमचे नाहीत' म्हणून काढून टाकला होता.

"मी त इथंच आहो ना जी? मंग नाव काऊन नाही?"

मला तोंड लपवावंसं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी नंदाबाई चपला हातात घेऊन नाला ओलांडून गेल्या. चार दिवस त्या टोल्यात बसून अर्ज भरत होत्या. अर्ज भरला की त्या ते नाव लाल पेनाने माझ्या शेवटच्या पानावर लिहीत. अशी अडतीस नावं झाली. मित्रांनो, त्या दिवसांत मला स्वतःचा अभिमान वाटला.

पण अर्ज मंजूर होण्याआधीच निवडणूक पुढे ढकलली गेली. पंचायतीची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्यांच्याकडे तीन गावं होती, त्यामुळे ते आठवड्यातून एकदाच यायचे. रुख्माबाई पुलाचं विचारायला गेल्या. साहेब म्हणाले, "नवी बॉडी येऊ द्या, ती ठराव घेईल."

निवडणूक आणखी एकदा पुढे गेली. पाऊस आला, नाला भरला. त्या वर्षी दिव्याची शाळा सुटली ती सुटलीच. धान कापून झाल्यावर रुख्माबाईंचा मुलगा उमेंद्र बायको आणि मुलीला घेऊन निघाला.

"इथं राहून का करू, माय? नागपूरले काम त भेटते."

त्याच्या मागोमाग बाकीचेही गेले. दरवर्षी पेरणीला परत येणारी माणसं यंदा आलीच नाहीत.

आणि मग तहसीलचं पत्र आलं. अडतीसही अर्ज मंजूर झाले होते. त्याच पत्रात पुढचा आदेशही होता. निवडणुकीआधी घरोघर तपासणी करा, जे राहत नाहीत त्यांची नोंद घ्या.

नंदाबाई मला घेऊन टोल्यात गेल्या. दारांना कुलपं होती. त्यांनी एकेकाला फोन लावला. कुणी परतणार नव्हतं. मग ज्या पेनाने नावं लिहिली होती, त्याच पेनाने त्या एकेका नावावर रेघ ओढू लागल्या. पुढे लिहीत गेल्या, 'स्थलांतरित'. एकतीस वेळा.

रुख्माबाई ओट्यावर बसून पाहत होत्या.

"आता मले मत कोण देईन? माहा बी नाव काटा."

"तुमी घरी आहा, काकू. मले नाही काटता येत."

नंदाबाईंनी मला पिशवीत घातलं, पण उठायला त्यांना बराच वेळ लागला.

आता नवी यादी आली आहे. निवडणुकीची तारीख मात्र नाही. मी अंगणवाडीच्या कपाटात खाली पडून आहे आणि माझ्या कडेला वाळवी लागली आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी अशा कचेऱ्यांत खुर्चीवरही बसाल. तेव्हा माझी एवढी विनंती लक्षात ठेवा. माणसं गावात असेपर्यंतच त्यांना विचारून घ्या. नंतर नुसती नावं उरतात. माझ्या शेवटच्या पानावर तर तीही धड वाचता येत नाहीत.