अंबुजाला करी आणायचं

शिवप्रसादरावांच्या घरी पाहुणा आला की त्याला बोकडावर बसवत. घरात सोफा नव्हता असं नाही. पण सोफ्यावर चित्तिरै महिन्यापासून, म्हणजे एप्रिलपासून, औषधांची खोकी आणि इस्पितळाच्या फायली बसल्या होत्या, आणि त्यांना उठवायचा धीर कोणाला होत नव्हता. उरला तो फ्रीझर. शिवप्रसादरावांचं कुंभकोणम् बसस्टँडजवळचं आइस्क्रीमचं दुकान त्याच वर्षी बंद पडलं, आणि दुकानातून घरी परत आलेली एकमेव वस्तू म्हणजे हा आडवा, पांढरा, माणूस झोपेल एवढा फ्रीझर. झाकणावर हसणारा पेंग्विन. पेंग्विनवर सतरंजी, सतरंजीवर पाहुणा, आणि पाहुण्याखाली नऊ किलो मटण.

हे मटण घरातल्या कोणी विकत आणलं नव्हतं. ते आपल्या पायांनी आलं होतं म्हटलं तरी चालेल. त्याची हकिगत अशी.

शिवप्रसादरावांचं घराणं तंजावरकडच्या मराठ्यांचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. बोलण्यात अडचण नव्हती. पंचाईत लिहिण्यात होती. मराठी बोलायची आणि ती तमिळ अक्षरांत लिहायची, ही तीन पिढ्यांची रीत. आता तमिळ लिपीत ख नाही, ग नाही, घ नाही. एकटा बिचारा क चारही भावांचं काम करतो. 'काय' असं लिहिलं तर ते काय आहे की गाय आहे, हे ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. तीन पिढ्या सगळे नीट समजून घेत आले होते.

मग अंबुजाबाईंच्या पोटातली गाठ काढली. 'उद्या सोडतो,' असं तंजावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि शिवप्रसादरावांनी आनंदाच्या भरात कुटुंबाच्या ग्रुपवर एक ओळ टाकली: 'उद्या अंबुजाला घरी आणायचं.'

लोकांनी वाचलं, 'उद्या अंबुजाला करी आणायचं.' आणि करी म्हणजे तमिळमध्ये मटण.

व्याकरण जरा लंगडत होतं, पण बायको इस्पितळात असलेल्या माणसाच्या व्याकरणाला कोण नावं ठेवणार? शिवाय ऑपरेशननंतर पायाचं सूप द्यावं, हाडं जुळतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंबुजाबाईंच्या हाडांना कोणी हात लावला नव्हता, पण तो तपशील झाला. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास अंबुजाबाई रिक्षातून उतरल्या, तेव्हा ओसरीवर अकरा नातेवाईक अकरा पिशव्या घेऊन उभे होते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या पिशवीकडे संशयानं बघत होता.

बारावे होते शेजारचे व्यंकोबा, कुटुंबाच्या ग्रुपवर घरच्यासारखेच असलेले. ते भजनमठात विठ्ठलापुढे झांज वाजवत आणि कांद्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. त्यांनी कोळशाचं पोतं आणलं होतं. तमिळमध्ये 'करी'चा र जरा निराळा काढला की त्याचा अर्थ होतो कोळसा. खरं सांगायचं तर शिवप्रसादरावांनी लिहिलेला र कोळशाचाच होता. बरोबर वाचणारे बारा जणांत एकटे व्यंकोबा. पण भुकेला माणूस र कडे बघत नाही.

"आजारी बाईला कोळसा कशाला, हा प्रश्न मजला पडला होता," व्यंकोबा म्हणाले. "पण विचारलं नाही. कोणाच्या दुःखात प्रश्न विचारू नयेत."

कोळसा मागच्या अंगणात गेला, मटण फ्रीझरात. कारण त्या दिवसापासून अंबुजाबाईंना मटणाचा वास सोसेना, आणि पुढे केमो सुरू झाल्यावर तर मटण हा शब्दही सोसेना.

पण घरातली खरी काळजी निराळीच होती.

अंबुजाबाईंनी आयुष्यात कोणाच्या हातच्या स्वयंपाकाला बरं म्हटलं नव्हतं. स्वतःच्या लग्नात, गळ्यात हार असताना, त्यांनी आचाऱ्याला बोलावून रसमात मिरं कमी आहे असं सांगितलं होतं. पुढं तीस वर्षं तो आचारी त्यांना बाजारात दिसला की आधी नमस्कार करायचा आणि मग गल्ली बदलायचा. अशी ही बाई. केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर कीर्तीनं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, उपमा केला. अंबुजाबाईंनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "छान जाहलाय."

घर गार पडलं. कीर्तीनं चाखून बघितला. त्यात मीठच नव्हतं.

शिवप्रसादरावांनी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. "पेशंट जेवणाला छान म्हणते आहे."

"मग चांगलं आहे की."

"तुम्ही तिला ओळखत नाही, सार."

जिभेला पत्रा चाटल्यासारखं लागत होतं, आणि ते कोणाला कळू नये म्हणून अंबुजाबाई सगळ्याला छान म्हणत होत्या. डॉक्टर म्हणाले, चव परत येते, कोणाची सहा आठवड्यांत, कोणाची सहा महिन्यांत. एखाद्याची येत नाही, हे ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. घरात तेवढंच सगळ्यांना ऐकू आलं.

स्वयंपाक उमेशकडे आला. उमेश थोरला मुलगा, वय सव्वीस, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. त्याच्या मते दोन्ही धंदे सारखेच: आधी उघडून बघायचं, आणि गरजेपेक्षा जास्त तापवायचं नाही. चार महिन्यांत तो रसम शिकला, डाळ-भाजीचं कूटू शिकला, भात ताटाला न चिकटता वाढायला शिकला, आणि रोज आईसमोर ताट ठेवून वाट बघायला शिकला. त्याला एकच गोष्ट हवी होती. आईनं नाव ठेवावं. फार नाही, एखादं. एकदा त्यानं मुद्दाम सांबारात साखर घातली. आई म्हणाली, "छान." त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. एक तर आई खोटं बोलली म्हणून, आणि दुसरं, सांबार खरोखरच अखाद्य होतं म्हणून.

सप्टेंबरात केमोची सहावी फेरी संपली. ऑक्टोबरात पुरट्टासी महिनाही संपला, आणि महिनाभर पथ्य पाळलेलं सगळं कुंभकोणम् मटणाच्या दुकानांपुढे रांगा लावायला निघालं. त्या आठवड्यात अंबुजाबाई फ्रीझरापाशी आल्या आणि त्यांनी पेंग्विनच्या डोक्यावर थाप मारली.

"ह्याच्यावर बसून बसून लोक म्हातारे व्हायला लागले. रविवारी शिजव."

"कोण, मी?" उमेश म्हणाला.

"नाही, पेंग्विन. ज्यांनी ज्यांनी आणलं त्या सगळ्यांना जेवायला बोलाव. मला पायांवर उभं केलंन त्यांनी. मी आभाराचा एक शब्द बोलले नाही कोणाला."

"नऊ किलो आहे, आई."

"मग? म्युझियमला द्यायचं होतं?"

शनिवारी सकाळी झाकण उघडलं. अकरा पिशव्यांचा सहा महिन्यांत एकच डोंगर झाला होता. उमेशनं तो टबात ठेवला आणि कीर्ती शेजारी बसून, एखाद्या प्रियजनाचं उत्खनन करावं तसं पाणी घालत राहिली. हळूहळू पिशव्या सुटायला लागल्या. पिवळी कापडी निघाली ती आडुतुरैच्या मीनाक्षीबाईंची; ऑपरेशनच्या वेळी त्या चार दिवस इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसून राहिल्या होत्या, आणि का बसलात म्हटलं तर म्हणाल्या, मजला पायऱ्या आवडतात. रेशमाच्या दुकानाची निघाली ती साईरामची. त्यानं सहाही फेऱ्यांना आपल्या रिक्षातून तंजावरला नेऊन आणलं, आणि परतताना प्रत्येक खड्ड्याआधी 'माफ करा मामी' म्हणत आला.

"अण्णा," कीर्ती उमेशला म्हणाली, "ही कोणाची? लग्नात पाहुण्यांना वाटतात ती ताम्बूलाची पिशवी आहे."

"व्यंकटरमण मामांची. मामा पिशवीसाठी खर्च करत नाहीत."

"रक्त मात्र दिलं."

"ते फुकट असतं म्हणून," उमेश म्हणाला, आणि ती पिशवी त्यानं टाकून न देता धुऊन दोरीवर वाळत घातली.

रविवारी सकाळी खुद्द मामा तिरुविडैमरुदूरहून पहिल्या बसनं हजर झाले. आपल्या बहिणीला नमस्कार चमत्कार न करता थेट मागच्या अंगणात गेले.

"माझी मांडी कोणती?"

"तुमची तुम्हाला ठाऊक, मामा."

"बोकडाची रे. चांगली अख्खी मांडी आणली होती. ती मिसळलीस?"

"सगळं एकत्र केलंय. आता सगळ्यांच्या मांडीला मांडी लागली."

मामांनी हे उत्तर मनातल्या मनात दोनदा तपासलं आणि पातेल्यात डोकावले. भाड्यानं आणलेलं पातेलं एवढं मोठं होतं की त्यात मामाही मावले असते. तेलात बडीशेप तडतडली, छोटे सांबार कांदे परतले, वाटण गेलं, मटण गेलं. उमेश उभा राहून ढवळत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर विमान चालवणाऱ्या माणसाचा भाव होता. अर्धा तास झाला. मटण अर्धं शिजलं. आणि गॅस संपला.

दुसरं सिलिंडर भरलेलं होतं, असं शिवप्रसादरावांचं म्हणणं होतं. सिलिंडरचं म्हणणं निराळं पडलं.

बायकापोरं धरून तीस माणसं यायला दीड तास. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. "कोळसा आहे की."

व्यंकोबा भिंतीवरून बघत होते, नाकाला उपरणं लावून.

"काका, तुमच्या कोळशावर मटण शिजवायचं?"

"कोळसा मी दिला. दिलेल्या वस्तूचा विचार देणाऱ्यानं करू नये." मग थोडं थांबून, "पण विटा नीट मांड. वारा पश्चिमेकडून आहे." उमेशनं विटा मांडल्या. त्या व्यंकोबांना पसंत पडल्या नाहीत. ते वळसा घालून अंगणात आले, विटा पुन्हा मांडल्या, निखारे फुलवले आणि पाठ पातेल्याकडे करून, डोळे मिटून, तोंडानं विठ्ठल विठ्ठल म्हणत तासभर सुपानं वारा घालत राहिले. मटण इतकं मऊ शिजलं की मामांना स्वतःची मांडी शेवटपर्यंत ओळखता आली नाही.

दीड वाजता तीस पानं मांडली. अंबुजाबाई खुर्चीवर नको म्हणाल्या, पंगतीत बसल्या. डोक्यावर केस बोटभर वाढले होते. त्यांनी त्यांत मोगरा कसा बसवला हे त्यांनाच ठाऊक. उमेशनं आधी त्यांना वाढलं. मग बाकीच्यांना वाढलं, पण कोणीच जेवेना. तीस जणांनी हात भातात घालून अंबुजाबाईंकडे बघत राहायचं ठरवल्यासारखं झालं.

त्यांनी रस्सा भातावर कालवला. पहिला घास घेतला. गिळला.

"छान जाहलंय," त्या म्हणाल्या.

साईरामनं मान खाली घातली. शिवप्रसादराव उगाचच पाण्याचा तांब्या इकडचा तिकडे ठेवू लागले. उमेश पळी घेऊन पुढच्या पानाकडे वळला. मामांनी वेळ सावरायला मोठ्यानं म्हटलं, "छान म्हणजे काय, फारच छान!" आणि सगळे एकदम जेवायला लागले, फार आवाज करून.

अंबुजाबाईंनी मटणाचा एक तुकडा उचलला. चावला. आणखी चावला. मग चावता चावता थांबल्या.

"उमेश."

"काय आई?"

"मीठ कोण घातलंन?"

"मी."

"आणि परत कोण घातलंन?"

उमेशनं कीर्तीकडे बघितलं. कीर्ती मामांकडे बघत होती. "मी जरासं," ती म्हणाली. "मजला वाटलं अण्णा विसरला."

"आणि तिसऱ्यांदा?"

मामांचा घास तोंडापाशी थांबला. "चिमूटभर, अंबुजा. देवाशपथ चिमूटभर."

"तुझी चिमूट मजला ठाऊक आहे. मूठ ती." अंबुजाबाईंनी आणखी एक तुकडा तोंडात टाकला, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी पेटल्यासारखं दिसलं. "बडीशेप जळलीय. कांदा घाईनं काढलायस, कच्चा लागतोय. धुराचा वास येतोय, मध्येच चूल बदलली का? वाटण कोणी वाटलं? त्यात खसखस नुसती टेकवलीय, वाटलेली नाही. सहा महिने घरात बसून मी ह्याच्यासाठी—"

शिवप्रसादराव पानावरून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मीनाक्षीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि दुसऱ्यांदा भात मागितला. पंगतीतल्या कोणीही हसू दाबायचा प्रयत्न केला नाही.

उमेश पळी हातात धरून ताठ उभा होता. बी.कॉम.चं सर्टिफिकेट घेतानाही तो एवढा ताठ उभा राहिला नव्हता. त्या फोटोत तो जरा वाकडाच दिसतो.

"आमचं काही नाही, चांगलं जाहलंय रे," मामा हळूच म्हणाले.

"गप्प बसा मामा," उमेश म्हणाला. "तिला बोलू द्या." मग तो आईच्या पानापाशी खाली बसला. "आणि खोबरं, आई? खोबऱ्याबद्दल काय?"

"खोबऱ्याचं तर तू नावच काढू नकोस," अंबुजाबाई म्हणाल्या, "आधी अजून एक तुकडा वाढ," आणि पानं उचलेपर्यंत खोबऱ्याबद्दल बोलत राहिल्या.