नेपच्यूनला चुकवणारे जावईबापू

सरांचं आणि धाकटीचं आठवडाभर वाजलं होतं. आणि तेही कशावरून, तर एका बर्फाच्या गोळ्यावरून! गोळा इतका लांब की तिथून सूर्यसुद्धा नुसता ठिपका दिसावा. आता एवढ्या लांबच्या भानगडीवरून दोन शहाण्या माणसांनी जेवायला वेगवेगळ्या टेबलांवर बसावं का? पण बसत होती खरी.

धाकटी म्हणजे सरांची विद्यार्थिनी. त्यांच्या हाताखाली दोघी शिकत होत्या, त्यातली थोरली पदवी घेऊन गेली, ही राहिली. तीन वर्षांपूर्वी हिनेच तो गोळा शोधला. महिनाभर दर्शन देऊन तो सूर्याच्या झगमगाटाआड गेला, आणि नंतर कधी ढग आडवे आले तर कधी दुर्बिणीवर पाळीच मिळाली नाही. येतो क्वचित आणि ताटकळत ठेवतो सगळ्यांना, म्हणून सरांनीच त्याला ‘जावईबापू’ म्हणायला सुरुवात केली.

भांडण असं होतं. जावईबापू सूर्याकडे येताना नेपच्यूनची वाट ओलांडतात. धाकटी म्हणे, दोघांची लय जुळलेली आहे. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात यांच्या दोन. त्यामुळे हे आत शिरतात तेव्हा नेपच्यून दर वेळी भलतीकडे असतो, आणि टक्कर म्हणून होत नाही.

“लय कसली डोंबलाची!” सर म्हणायचे. “भटक्या आहे तो. नेपच्यूनने एक लाथ घातली की गेला कुठल्या कुठे.”

लय असेल तर गोळा आज आकाशात एका जागी सापडणार, नसेल तर दुसऱ्याच. आणि आज नाही सापडला तर संपलंच. दर वर्षी अंदाज आणखी ढिला होत जातो, मग एवढ्या आभाळात त्याला शोधायचं कुठे? धाकटीची तीन वर्षं पाण्यात.

दुर्बीण पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला. तिकडे रात्र, इकडे स्वच्छ ऊन. पडद्यावर दुर्बीणवाला टोपी सावरत म्हणाला, “सर, ढग येतायत. दोन जागा जमणार नाहीत. एकच सांगा, पटकन.”

पाळी सरांच्या नावावर मिळालेली, तेव्हा जागाही त्यांनीच सांगायची. धाकटीने आपल्या आकड्यांचा कागद उलटा करून ठेवला. आठवडाभर जिच्याशी धड बोलले नाहीत, तिचं ते ऐकतील कशाला?

सरांनी चष्मा पुसला. मग आकडे सांगितले. ते धाकटीचे होते.

“सर?”

“बघतेस काय? जावई तुझा, दार तू उघड.”

थोड्या थोड्या वेळाने तीन फोटो आले आणि मागोमाग ढग. तिने तिन्ही फोटो पडद्यावर आलटून पालटून फिरवले. तारे जागच्या जागी राहतात आणि गोळा असेल तर तो तेवढा सरकतो. मधोमध, जिथे त्याने असायला हवं होतं, तिथे काहीच सरकेना. तिने पुन्हा फिरवले. पुन्हा. डोळ्यांत पाणी आलं तसं तिने खुर्ची मागे ढकलली.

“नाहीये, सर. तुमचंच बरोबर होतं. माझ्या हट्टापायी तुमची पाळी वाया गेली.”

“सरक जरा,” म्हणत सर तिच्या खुर्चीत बसले. “गणितात लय कशी धरलीस?”

“बरोबर तीनास दोन. तंतोतंत.”

“अगं वेडाबाई! पाळण्याला खिळा ठोकलास की! लय जुळली तरी गोळा झुलत असतो. कधी थोडा पुढे, कधी थोडा मागे. झोक्याला जागा नको?”

ते पडद्याला नाक लावून कडेकडेने बघत गेले. आधी त्यांच्या स्वतःच्या अंदाजाकडची कड पाहिली. तिथे काही नव्हतं. मग उलटी कड. आणि एकदम त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की पडद्यावरचा दुर्बीणवालासुद्धा दचकला.

“हा बघ! हा बघ तुझा लबाड!”

अगदी काठावर एक फिकट ठिपका हळूच सरकत होता. तिने जुन्या नोंदींबरोबर ही जागा घालून गणित नव्याने मांडलं, या वेळी खिळा न ठोकता. संगणकाने लाखो वर्षं पुढे पळवून दाखवली. जावईबापू पुढे-मागे झुलत होते, वाट ओलांडत होते, आणि नेपच्यून दर वेळी भलतीकडे. धाकटी हसत होती आणि रडतही होती, आणि तिला दोन्हींचं भान नव्हतं.

सरांनी घरी फोन लावला. “अगं, ऐकलंस का? हरलो! साफ हरलो! ... रडत नाहीये गं, सर्दी झालीय. ... कोणाकडून म्हणजे? आपल्या धाकटीकडून!”